आधी उठण्याची वेळ पक्की करा: झोप, आहार आणि व्यायामाची घडी बसवण्याची सुरुवात

नव्या वर्षाच्या, वाढदिवसाच्या किंवा नुसत्या सोमवारच्या मुहूर्तावर केलेला निश्चय साधारण असा असतो: पहाटे पाचला उठून पळायला जायचं, साखर बंद, तळलेलं बंद, रात्री दहाला दिवा बंद. चार नव्या गोष्टी, एकाच दिवशी. पण आदल्या रात्री झोपायला साडेबारा वाजलेले असतात. पाचचा गजर होतो, माणूस जिद्दीने उठतो, पळून येतो आणि दुपारी चारच्या सुमारास त्याचा हात आपसूक गोड डब्याकडे जातो. गुरुवारी तो गजर बंद करून कूस बदलतो आणि स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो.

यात आळसाचा भाग थोडा आणि क्रमाचा घोटाळा मोठा. झोप कापून व्यायाम सुरू केला की भूक बेताल होते आणि बेताल भुकेपुढे आहाराचे नियम टिकत नाहीत. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं होतं. पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन हे संप्रेरक खाली आलं, भूक चेतवणारं घ्रेलिन वर गेलं आणि गोड, खारट, पिष्टमय पदार्थांची ओढ वाढली. १२ जणांवरून साऱ्या जगाबद्दल बोलू नये, हे खरं. पण जागरणाच्या दुसऱ्या दिवशी काय काय खावंसं वाटतं, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: आधी झोप, मग आहार, मग व्यायाम. व्यायामापासून सुरुवात करून सगळं जमवणारी माणसंही असतात. पण ज्यांचं यापूर्वी दोन-चारदा फिस्कटलं आहे, त्यांनी झोपेकडूनच यावं.

पहिला आठवडा: काहीही बदलू नका

सात दिवस फक्त लिहून ठेवा. दिवा कधी मालवला, जाग कधी आली, अंथरुणातून प्रत्यक्ष कधी उठलात, जेवणाच्या वेळा कोणत्या, मधल्या वेळी तोंडात काय काय गेलं, चहा-कॉफीचा शेवटचा कप किती वाजता, सलग चालणं किती मिनिटं. घासाघासाचे उष्मांक मोजायची गरज नाही. कागदाचा एक कपटा आणि पेन्सिल पुरते.

आठवड्याअखेर कागदाकडे पाहिलं की बहुतेकांना एखादी गोष्ट खटकतेच. साडेअकराला झोपतो असं वाटत असतं आणि कागदावर पाचदा १२:४० असतं. 'मी मधेमधे खात नाही' म्हणणाऱ्याच्या कागदावर उभ्याउभ्या खाल्लेल्या सात नोंदी सापडतात. सुरुवात कुठून करायची, हे तज्ज्ञापेक्षा हा कागद नेमकं सांगतो.

याच आठवड्यात एक काम उरकून घ्या. मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन चालू असेल, रक्तदाब वा हृदयाचा त्रास असेल, गरोदरपण असेल, चालताना छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर पुढचे बदल डॉक्टरांना विचारून करा. इन्शुलिन आणि साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवण कमी आणि व्यायाम जास्त केला, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. औषधाची मात्रा आपल्या मनाने बदलू नये.

झोप: रात्रीचं गणित सकाळी सुटतं

झोप येण्यामागे दोन गोष्टी असतात. जागेपणी मेंदूत ॲडेनोसीन हा पदार्थ साठत जातो आणि जितका वेळ जागे राहाल तितका झोपेचा दाब वाढतो. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूतलं साधारण २४ तासांचं घड्याळ, जे प्रामुख्याने डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून आपली वेळ लावून घेतं. झोपेचं हे दुहेरी गणित झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलं. शरीरातल्या या घड्याळाची पेशींच्या पातळीवरची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. झोप कधी लागावी हे आपल्या हातात नाही, उठणं मात्र आहे. म्हणून झोपायची वेळ ठरवण्याच्या फंदात न पडता उठायची वेळ ठरवा आणि ती सातही दिवस पाळा. सुट्टीच्या दिवशी फार तर तासाभराची सवलत घ्या. रविवारी अकराला उठणाऱ्याला रात्री अकराला झोप येईल कुठून? दाब साठायला वेळच मिळालेला नसतो. मग सोमवारची सकाळ जड जाते आणि त्याचं खापर कामावर फुटतं.

वेळ काढायची पद्धत अशी. कामासाठी घराबाहेर कधी पडावं लागतं, त्यावरून उठायची वेळ पक्की करा. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतल्या दोन मोठ्या निद्रावैद्यक संस्थांनी २०१५ साली एकत्र येऊन केली. उठायच्या वेळेतून साडेसात तास मागे जा. वरचा अर्धा तास झोप लागेपर्यंतचा आणि मधल्या जागेचा. साडेसहाला उठायचं असेल तर अकराला दिवा मालवला पाहिजे. सध्या तो साडेबाराला मालवत असाल तर एकदम अकरावर उडी मारू नका, नाहीतर दीड तास छताकडे बघत पडून राहाल. दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे या. दोन-तीन आठवड्यांत जमून जातं.

उठल्यावर तासाभराच्या आत बाहेरच्या उजेडात १५-२० मिनिटं काढा. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पटीने जास्त असतो. घड्याळ लावून घ्यायचं हे फुकटचं साधन आहे आणि लोक नेमकं तेच सोडून गोळ्या शोधत बसतात.

कॅफीन मेंदूत ॲडेनोसीनची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. म्हणजे संध्याकाळी सहाच्या कॉफीचा अर्धा भाग रात्री अकराला अंगातच असतो. 'मला काही फरक पडत नाही, मी कॉफी पिऊनही झोपतो' असं सांगणारे भेटतात. झोप लागत असेलही, पण ती तुटक होते आणि झोपलेल्याला ते कळत नाही. दुपारी दोननंतर कॅफीन बंद, हा नियम दोन आठवडे पाळून पाहा. मद्याचं उलटं आहे. त्याने डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्री जाग येत राहते.

आता झोपण्याआधीचा तास. घरातले मोठे दिवे मालवून एखादा मंद दिवा ठेवा. फोन चार्जिंगला लावायची जागा बदला: उशाजवळची सोडून दुसऱ्या खोलीत, निदान हात पोहोचणार नाही इतकी दूर. 'गजर फोनवरच आहे' ही अडचण एका साध्या घड्याळाने सुटते. फोनच्या पडद्यावरच्या निळ्या उजेडाची चर्चा खूप होते, पण माझ्या मते त्याहून जास्त त्रास आतल्या मजकुराचा आहे. रात्री पावणेबाराला वाचलेला कामाचा एक निरोप अर्धा तास डोक्यात घोळत राहतो. उद्याची कामं एका चिठ्ठीवर उतरवून ठेवली की तो घोळही कमी होतो.

अंथरुणात पडून अंदाजे २० मिनिटं झाली आणि झोप नाही, तर उठा. घड्याळ पाहू नका, अंदाजच पुरे. दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी रटाळ वाचा, कपड्यांच्या घड्या घाला आणि पापण्या जड झाल्यावरच परत या. अंथरूण म्हटलं की मेंदूला तळमळ न आठवता झोप आठवावी, यासाठीचा हा उपाय निद्रानाशाच्या उपचारात १९७० च्या दशकापासून वापरला जातो. पहिल्या दोन-तीन रात्री वैताग येतो, तेवढा सोसावा. एक मात्र करू नका: रात्र वाईट गेली म्हणून सकाळी उशिरा उठू नका. दुपारी डुलकी हवीच असेल तर तीनच्या आत आणि २० मिनिटांपुरती.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून जागं होणं, सात-आठ तास झोपूनही दिवसा वाहन चालवताना डोळे मिटणं, ही लक्षणं असतील तर वरचे उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. झोपेत श्वास थांबण्याचा हा विकार असू शकतो आणि तो सवयींनी जात नाही.

आहार: आधी भर, मग कपात

उठण्याची वेळ दोन-तीन आठवडे टिकली की ताटाकडे वळा. इथे सगळे 'काय बंद करू?' असं विचारतात. पहिले दोन आठवडे काहीही बंद करू नका, फक्त भर घाला: दोन्ही जेवणांत अर्धं ताट भाज्यांचं, पाव ताट प्रथिनांचं, उरलेलं पाव धान्याचं. अर्धं ताट भाजीने भरलं की बाकीच्याला जागा आपोआप कमी उरते आणि उपाशी राहिल्याची भावना येत नाही. जागतिक आरोग्य संघटना फळं-भाज्या मिळून दिवसाला निदान ४०० ग्रॅम खायला सांगते, म्हणजे ८० ग्रॅमचे पाच वाटे. बटाट्यासारखे कंद यात धरत नाहीत.

प्रथिनांचा किमान हिशेब शरीराच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम असा आहे. ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. डाळी, कडधान्यं, दूध-दही, अंडी, मासे, मांस यांपैकी जे चालत असेल ते प्रत्येक जेवणात थोडं थोडं घ्या. सगळं रात्रीच्या जेवणावर ढकललं की दिवसभर भूक लागत राहते.

कपात करायची वेळ आली की पेयांपासून सुरुवात करा. साखर प्यायली की पोटाला भरल्याची जाणीव फारशी होत नाही, म्हणून ती सोडताना त्रासही कमी होतो. २००० उष्मांकांच्या आहारात वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ ग्रॅमच्या आत आली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०१५ चं मार्गदर्शन आहे. एक चहाचा चमचा म्हणजे सुमारे ४ ग्रॅम. दिवसात चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे ३२ ग्रॅम फक्त कपातून. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ जुळवून घेते. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी. मीठ पाकिटबंद पदार्थांतूनही येतं, त्यामुळे जेवणातलं मीठ कमी करून पाकिटं तशीच चालू ठेवण्यात अर्थ नाही.

पाकिटांवरून एक प्रयोग सांगायला हवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. दोन्ही वेळा ताटात वाढलेले उष्मांक, साखर, मीठ, चोथा यांचा मेळ घातलेला होता आणि हवं तितकं खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात माणसं दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन गेली. २०१९ मध्ये आलेला हा अभ्यास छोटा आहे, पण 'माझा मनावर ताबा नाही' म्हणून स्वतःला कोसणाऱ्याने तो जरूर लक्षात ठेवावा.

ताबा मनावर ठेवण्यापेक्षा फडताळावर ठेवणं सोपं. स्वयंपाकघरात उभं राहून पाहा: उघडल्याबरोबर नजरेच्या पातळीवर काय दिसतं? बिस्किटांचं पाकीट दिसत असेल तर ते सगळ्यात वरच्या कप्प्यात, बंद आणि अपारदर्शक डब्यात, स्टूल घेतल्याशिवाय हाती न येईल असं ठेवा. फळं धुऊन-पुसून ओट्यावर उघड्यावर. फ्रिजमध्ये चिरलेल्या काकडी-गाजराचा डबा पुढे, उरलेलं गोड मागे. खायचं असेल ते खा, पण वाटीत काढून, बसून खा. पाकिटात हात घालून खाल्लं की किती गेलं ते कळत नाही.

रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरकलं तर छातीतली जळजळ आणि अस्वस्थ झोप दोन्ही टळतात. वजन करायचंच तर आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर. रोजचा काटा पाण्यामुळे किलोभर इकडेतिकडे होतो आणि उगाच मूड घालवतो. खाण्याबद्दल सतत भीती वाटू लागली, जेवण चोरून होऊ लागलं किंवा खाऊन उलटी काढावीशी वाटू लागली, तर हे सगळे आकडे सोडून द्या आणि मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या.

व्यायाम: लाज वाटेल इतका कमी सुरू करा

ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या बसगाड्यांवरच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. ते वाहक कुठल्या व्यायामशाळेत जात नव्हते, कामच त्यांना हलवत होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच ती धरायची, अशी अट होती. ती आता काढली आहे. जिन्याची दोन मिनिटंही जमेस धरतात. आणि दिवसाला १०,००० पावलांचा तो सुप्रसिद्ध आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून तो पसरला. ६,००० झाली म्हणून दिवस वाया गेला असं समजू नका.

पहिले दोन आठवडे एवढंच: एका जेवणानंतर दहा मिनिटं चालणं. कोणत्या जेवणानंतर, कुठल्या रस्त्याने, कुठली पादत्राणं घालून, हे आधीच ठरवा. 'वेळ मिळेल तेव्हा चालेन' हे टिकत नाही. 'ताट धुतलं की चपला घालायच्या' हे टिकतं. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर कमी उसळते, हा वरचा फायदा. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. वेग तपासायला यंत्र नको: चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. दोन-तीन शब्दांतच धाप लागली तर तो जोरकस.

ताकदीसाठी एक खुर्ची पुरे. न सरकणारी, गुडघ्याएवढ्या उंचीची, गादी नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. पुढच्या अर्ध्या भागात बसा, पावलं खांद्यांइतकी दूर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर दुमडा. कमरेतून पुढे झुका, भार पावलांवर आला की श्वास सोडत उभे राहा. बसताना मनात तीन आकडे मोजा आणि शेवटच्या चार बोटांच्या अंतरात धपकन बसू नका, कारण तिथेच मांड्यांना खरी मेहनत पडते. आठ वेळा, मिनिटभर विश्रांती, पुन्हा आठ. जड गेलं तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा किंवा हातांचा आधार घ्या. सोबत भिंतीवर हात टेकून दंड काढा. आठवड्यातून दोन दिवस, मधे एक दिवस मोकळा. महिन्याभराने आठचे बारा करा.

नव्या व्यायामानंतर स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक दुखतात आणि मग उतरतात, त्याला घाबरू नका. सांध्यात टोचणारं, एकाच जागी येणारं, चालताना लंगडायला लावणारं दुखणं वेगळं: तिथे थांबा. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, अकारण धाप यावर तर त्याच क्षणी थांबून तातडीची वैद्यकीय मदत मागवा.

वयाची ६५ उलटलेल्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही करावा. ओट्याला एक हात धरून एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, इथून सुरुवात होते.

खंड पडल्यावर

२१ दिवसांत सवय लागते, हे तुम्ही ऐकलं असेल. १९६० साली मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनने नव्या रूपाची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं एक निरीक्षण नोंदवलं होतं. पुढे त्यातलं 'निदान' गळून पडलं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी रोजच्या सवयींचा माग काढला तेव्हा मध्यावरचा आकडा ६६ दिवस आला आणि माणसामाणसांत फरक होता १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या, व्यायाम उशिरा. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही.

म्हणून चुकलेल्या दिवसाची भरपाई करू नका. काल चाललो नाही म्हणून आज दुप्पट, काल जास्त खाल्लं म्हणून आज उपवास, अशाने आणखी विस्कटतं. प्रवास, पाहुणे, कामाची धांदल यांसाठी एक छोटी आवृत्ती आधीच ठरवून ठेवा: उठण्याची वेळ तीच, एका जेवणात भाजी, पाच मिनिटं चालणं. बाकी त्या दिवशी माफ.

आजारपणानंतर मात्र घाई नको. अंगात ताप असताना व्यायाम पूर्ण बंद. उतरल्यावर एक-दोन दिवस घरातल्या घरात हिंडा, मग आधीच्या निम्म्या वेळेने आणि हळू चालीने सुरू करा. खुर्चीवरच्या उठबशा पाचांपासून. धाप नेहमीपेक्षा जास्त लागत असेल किंवा छातीत धडधड जाणवत असेल तर पुन्हा थांबून डॉक्टरांना दाखवा. उठण्याची वेळ आजारपणात सोडायला हरकत नाही, शरीर मागेल तितकं झोपा. बरं वाटलं की इतर कशाच्याही आधी तीच वेळ पुन्हा लावा.